माजघर : एकदम पिकणारे फळ आणि पावाची भट्टी

फळझाडाला बाजार कळत नाही. वर्षभर खत घाला, पाणी द्या, राखण करा. फळ मात्र पंधरा-वीस दिवसांत सगळे एकदम पिकते. ज्या आठवड्यात आपला पेरू पिवळा होतो, त्याच आठवड्यात शेजारच्या दहा बागांतलाही होतो. भाव उतरतो. चांगले फळ क्रेट भरून निघून जाते आणि घरी उरते ते बारके, डागी, पाखरांनी चोच मारलेले. त्याचे काय करायचे हा प्रश्न अखेर येतो तो माजघरात. गडी विचारतो, "वहिनी, हे फळ कुठं ठेवू?" आणि वहिनीकडे जागाही नसते आणि वेळही नसतो, कारण सुगीची माणसे जेवायची असतात.

हा प्रश्न काही आपल्याच नशिबी आलेला नाही. जर्मनीच्या दक्षिण भागात, बव्हेरिया आणि श्वाबेन या प्रदेशांत, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर शेतकऱ्यांच्या घरी हेच चालते. तिथे पेरूच्या जागी असतो आलुबुखार, म्हणजे ज्याला आपल्या बाजारात प्लम म्हणतात त्याचा एक भाऊबंद. त्याचे नाव त्स्वेचगे. या फळाचे तिथल्या बायकांनी काय केले, ते आज पाहू. वस्तू साधी आहे : पावाच्या गोड कणकेवर फळांच्या फोडी लावायच्या आणि भट्टीत भाजायच्या. पण त्यामागची गृहव्यवस्था समजून घेण्यासारखी आहे.

फळ कसे असते

त्स्वेचगे गोल नसते, लांबट असते. रंग गडद निळा-जांभळा, आणि द्राक्षावर असते तशी पांढुरकी भुकटी सालीवर. आतला गर पिवळसर, घट्ट, थोडा आंबट. बी गराला चिकटून बसत नाही. फळ चिरले की सहज सुटते. पाण्याचा अंश इतर आलुबुखारांपेक्षा कमी. हे शेवटचे दोन गुण लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सांगण्याजोगी आणखी एक गोष्ट. या फळाची एक लवकर पिकणारी जात ब्यूल या गावाजवळ 1840 च्या सुमारास सापडली. कोणी मुद्दाम कलम करून तयार केलेली नव्हे. आपोआप उगवलेले एक रोप. इतर झाडांच्या आधी त्याचे फळ बाजारात येऊ लागले आणि त्या मुलखाचे ते नगदी पीक झाले. बाजारात आठ-पंधरा दिवस आधी पोचण्याचे मोल शेतकऱ्याला सगळीकडे सारखेच कळते.

तरी घरोघरच्या परसात जे जुने झाड असते, ते आपल्या वेळेलाच पिकते, आणि एकदम पिकते. टोपल्याच्या टोपल्या घरात येतात. थोडे फळ विकले जाते, थोडे वाळवले जाते, थोड्याचा मुरंबा होतो, थोड्याची दारू गाळली जाते. आणि आल्या दिवशीच्या फळाचा होतो तो हा पदार्थ. बव्हेरियात त्याला 'त्स्वेचगेनडाची' म्हणतात. तिकडच्या बोलीत 'डाचन' म्हणजे दाबणे, चेपणे. कणकेत फळ चेपून बसवायचे, म्हणून डाची. आउग्सबुर्ग हे शहर या पदार्थासाठी इतके प्रसिद्ध की लोक गमतीने त्याला 'डाचीबुर्ग' म्हणतात.

गावाची एक भट्टी

आता ही भट्टी कुठली, ते पाहू. श्वाबेनच्या कितीतरी खेड्यांत एकोणिसाव्या शतकात गावकीची सामाईक भट्टी बांधली गेली. दगडी भिंतींची एक छोटी खोली, तिच्यात मोठी घुमटी भट्टी. तिला म्हणतात 'बाकहाउस', म्हणजे भाजण्याचे घर. घरोघर भट्ट्या असल्या की आगीची भीती, आणि लाकूडही फार जळते. त्यापेक्षा सगळ्या गावाने एकच भट्टी पाळीपाळीने वापरावी, हा विचार. पाळी चिठ्ठ्या टाकून ठरत असे. त्यालाही कारण होते. ज्या घराची पहिली पाळी, त्याला थंडगार भट्टी तापवावी लागे आणि त्याचे लाकूड सर्वांत जास्त जळे. मागाहून येणारीला भट्टी आयती गरम मिळे. नेहमी एकाच घराच्या माथी पहिली पाळी पडू नये, म्हणून चिठ्ठ्या. सार्वजनिक विहिरीवरची पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे सांगायला नको.

भट्टीत आतच लाकूड पेटवतात. दगड चांगला तापला की निखारे आणि राख ओढून काढतात, ओल्या फडक्याच्या कुंच्याने तळ पुसतात, आणि त्या तापलेल्या दगडावर भाजणे सुरू होते. पुन्हा जाळ नाही. दगडात साठलेली आच हळूहळू उतरत जाते, आणि बायका त्या उतरत्या आचेच्या पायऱ्यांवर एकेक पदार्थ बसवतात.

अगदी कडक आच असते तेव्हा पातळ, तिखटमिठाच्या रोट्या. त्या काही मिनिटांत होतात आणि भट्टी किती तापली तेही कळते. मग आठवड्याचे मोठमोठे पाव. पाव निघाले की मध्यम आचेवर हे फळांचे पत्रे. आणि सगळे झाल्यावर, रात्रभर, उरलेल्या ऊबेत आलुबुखार आणि नासपतीच्या फोडी वाळत ठेवायच्या.

मैत्रिणींनो, मला या साऱ्यात मोलाचे वाटते ते हेच. डाचीसाठी वेगळी कणीक नाही आणि वेगळा जाळ नाही. पावाची कणीक भिजवायचीच होती. तिच्यातच थोडे दूध, थोडी साखर, थोडे लोणी गेले. पावासाठी भट्टी तापवायचीच होती. तिची मागची आच वापरली. बाहेरून विकत आणायचे ते जवळजवळ काहीच नाही. एका पत्र्याला दीड-दोन किलो फळ लागते. एवढ्याने बागेचा तोटा भरून निघत नाही, हे खरे. पण जे फळ सकाळी टोपलीत नासायला बसले होते, ते तिसऱ्या प्रहरी चौकोनी तुकडे होऊन घरच्या आणि कामाच्या माणसांच्या हातात पडते. उरलेले वाळते. टाकायचे असे फारसे काही उरत नाही.

यीस्टची गोष्ट

ही कणीक फुगते ती यीस्टने. यीस्ट म्हणजे आंबवणारा सूक्ष्म जीव. आपण डोसा-इडलीचे पीठ आंबवतो, जिलबीचे पीठ आंबवतो, तेव्हा असेच जीव कामाला लागलेले असतात. बव्हेरिया हा बिअर गाळणाऱ्यांचा मुलूख. तिथल्या ड्यूकांनी 1516 साली कायदा केला की बिअरमध्ये जव, हॉप नावाच्या वेलीची फुले आणि पाणी एवढेच घालावे. त्यात यीस्टचे नावच नाही! पिंपाच्या तळाशी बसणारा तो गाळ जिवंत आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. ते दाखवून दिले फ्रान्सच्या पाश्चर यांनी 1860 च्या सुमारास. पण नाव-गाव माहीत नसले तरी पाववाले त्याचे काम ओळखून होते, आणि बिअरवाल्याकडून तो गाळ आणून कणीक फुगवत होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हिएन्नात दाबून वड्या केलेले यीस्ट होऊ लागले आणि बिअरवाल्याच्या दारी जाण्याची गरज सरली.

आपल्या गोव्यातही असेच झाले. पोर्तुगीजांबरोबर पाव आला, पण यीस्ट मिळेना. तेव्हा पोदेरांनी माडाची सूर घालून पाव फुगवला. तिथे बिअर, इथे सूर, काम तेच.

यीस्ट वापरताना विरजणाचा न्याय लावावा. दही लावताना दूध कडक असले तर विरजण मरते, गार असले तर लागत नाही. तसेच इथे. करंगळी बुडवून सोसवेल इतके कोमट दूध हवे. आणि साखर-तूप जास्त झाले की यीस्ट मंदावते. म्हणून ही कणीक गोड म्हणायची, पण बेतानेच गोड.

तिकडची रीत

एका मोठ्या पत्र्याला त्यांचे प्रमाण साधारण असे : अर्धा किलो मैदा, पाव लिटर दूध, पाऊणशे ग्रॅम साखर, पाऊणशे ग्रॅम लोणी, एक अंडे, चिमूट मीठ आणि यीस्ट. परातीत मैद्याचे आळे करायचे. त्यात यीस्ट, चमचाभर साखर आणि थोडे कोमट दूध घालून वरून थोडा मैदा भुरभुरायचा. झाकून पाव तास ठेवायचे. वरच्या मैद्याला भेगा पडल्या की समजावे, यीस्ट जागे झाले. याला ते 'डाम्फल' म्हणतात. यीस्ट जुने, मेलेले असेल तर ते इथेच कळते आणि बाकीचे साहित्य वाया जात नाही.

मग सगळे घालून कणीक चांगली दहा मिनिटे मळायची, आपटायची. हाताला चिकटेनाशी झाली पाहिजे. झाकून ऊबेला ठेवायची, वारा लागू द्यायचा नाही. तासाभरात दुप्पट होते. मग अर्ध्या करंगळीच्या जाडीइतकी लाटून पत्र्यावर पसरायची.

फळ चिरण्याचीही रीत आहे. एका बाजूने चीर देऊन बी काढायची, पण दोन्ही अर्धे एकमेकांपासून तोडायचे नाहीत, पुस्तकासारखे उघडायचे. मग प्रत्येक अर्ध्याला टोकाकडून लहानशी चीर. अशी फळे एका कडेपासून ओळीने लावत जायची, कापलेली बाजू वर, पुढची ओळ मागच्या ओळीवर टेकलेली, कौलारू घराची कौले जशी. अगदी दाटीवाटीने. भाजताना फळ आटते. विरळ लावले तर मध्ये कोरडी कणीक उघडी पडते. कापलेली बाजू वर ठेवल्याने रस फळाच्या वाटीतच राहतो.

आता मघाचे दोन गुण आठवा. बी सहज सुटते, म्हणून टोपलीभर फळ झपाट्याने चिरून होते. पाणी कमी, म्हणून कणकेचा चिखल होत नाही. फळ रसाळ असेलच, तर त्या बायका कणकेवर आधी पावाचा चुरा किंवा रवा पसरतात. तो रस शोषून घेतो. आणि एक मोठी खबरदारी : साखर फळावर आधी घालायची नाही. साखर फळातले पाणी ओढून बाहेर काढते. भाजून झाल्यावर, गरम असतानाच, साखर आणि दालचिनीची पूड वर भुरभुरायची.

काही घरांत वर 'श्ट्रॉयझल' घालतात. दोन भाग मैदा, एक भाग साखर, एक भाग लोणी बोटांनी चोळून केलेला जाडसर चुरा. खरपूस लागतो. पण आउग्सबुर्गचे जुने लोक म्हणतात की खऱ्या डाचीवर चुरा नको, फळ दिसले पाहिजे. मोदकाच्या पाऱ्यांवरून आपल्याकडे जसे वाद होतात, तसाच हा वाद.

अर्धा-पाऊण तास भाजून पत्रा निघतो. खाली मऊ पाव, त्यात मुरलेला आंबटगोड रस, वर जांभळ्या फोडी. हा पदार्थ त्याच दिवशी खायचा. दुसऱ्या दिवशी कणीक ओलसर होते. म्हणूनच तो मोठ्या पत्र्यावर करायचा आणि खूप माणसांत वाटायचा. फाल्ट्स या प्रांतात तर तो बटाट्याच्या तिखटमिठाच्या सारासोबत जेवणातच वाढतात. गोडाबरोबर सार ऐकून नाक मुरडू नका. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी आपण भुरकतोच की!

आपल्या घरी करायचे तर

जून-जुलैत हिमाचलचे प्लम आपल्या शहरांच्या बाजारात येतात. त्यातले घट्ट, आंबट घ्यावेत. पण फळ विकत आणून करण्यापेक्षा घरचे वापरणे हाच या पदार्थाचा धर्म. घट्ट पेरू बिया काढून, फोडी करून, लिंबू पिळून चालेल. फार न पिकलेले अंजीर दोन भाग करून चालतील. घडातून गळालेले द्राक्षमणी चालतील, पण खाली रवा जास्त घालावा. अर्धवट पिकलेला घट्ट आंबा चालेल. पिकलेला रसाळ आंबा आणि चिकू नको. डाग कापून टाकावा, पण बुरशी आलेले किंवा आंबूस वास येणारे फळ वापरू नये.

दोन मध्यम थाळ्यांचे प्रमाण : मैदा पाव किलो, कोमट दूध सुमारे अर्धा पेला, म्हणजे सव्वाशे ते दीडशे मिलि, लागेल तसे, साखर तीन चमचे, लोणी किंवा तूप तीन चमचे (दोन्हीला पोह्याचा मोठा चमचा), मीठ चिमूट, पाकिटात मिळणारे कोरडे यीस्ट एक लहान चमचा. चिरलेले फळ पाऊण ते एक किलो. अंडे नसले तरी काही अडत नाही. निम्मा मैदा, निम्मी कणीक घेतली तर पदार्थ थोडा जड होतो, पण चवीला चांगला लागतो. थंडीत कणीक फुगायला दीड-दोन तासही लागतात. घड्याळ पाहू नये, कणीक पाहावी.

ओव्हन असेल तर 190 ते 200 अंशांवर अर्धा तास, मग पाहावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात जाडे मीठ किंवा वाळू पसरून त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून दहा मिनिटे तापवावे, मग थाळी आत ठेवून मध्यम-मंद आचेवर तीस-चाळीस मिनिटे. यात वरची बाजू फारशी लाल होत नाही. चूल असेल त्यांनी झाकणावर निखारे ठेवावेत. कोकणात काकडीचे धोंडस असेच वर-खाली आच देऊन करतात. निखाऱ्यांनी वरूनही रंग येतो.

आणि याहून सोपा मार्ग पुष्कळजणींनी लहानपणी पाहिलेला आहे. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घेऊन बेकरीत जायचे, नंबर लावायचा, आणि नानखटाईचे पत्रे भट्टीतून भाजून आणायचे. ते आपले बाकहाउसच होते. तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी लाकडाची भट्टी असलेला बेकरीवाला अजून असेल तर त्याला विचारून पाहा. पहाटेचे पाव निघाल्यावर त्याची भट्टी तासन् तास ऊब धरून असते. चार घरांनी मिळून चार पत्रे नेले, तर त्याला थोडे पैसे मिळतील आणि आपला गॅस वाचेल. आणखी चार पत्र्यांवर पेरूच्या फोडी वाळायला ठेवता आल्या, तर पावसाळी हवेत वाळवणाची चिंताही मिटेल.

श्वाबेनमधल्या बऱ्याच खेड्यांनी आपल्या जुन्या भट्ट्या अजून राखल्या आहेत. घरोघर विजेचे ओव्हन आले तरी ठरल्या दिवशी बायाबापड्या तिथे कणीक घेऊन जमतात, जत्रेसारखा दिवसही साजरा करतात. भट्टी मोडून टाकणे सोपे होते; पण एकदा मोडली की पुन्हा कोण बांधणार?

तेव्हा येत्या हंगामात डागी फळाची टोपली ढकलून देण्याआधी एक थाळी करून पाहा. पहिल्या खेपेला फळ कमी आणि कणीक जास्त असे होण्याचा संभव असतो, म्हणून फोडी दाटीने लावायला विसरू नका. कसे झाले, कोणते फळ जमले, कोणते नाही, ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात याच विषयाचे दुसरे अंग घेऊ : उतरत्या आचेवर फळाच्या फोडी वाळवायच्या कशा, आणि त्या वर्षभर टिकवायच्या कशा.